बोंढारे साहेबांच्या गाडीचे होज पाईप

“ताई, दाबा.”

ताईंनी ब्रेक दाबला.

“आता सोडा.”

मी खाली बसून पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. चाक जागचं हललं नाही.

“सोडला का, ताई?”

“केव्हाच सोडला, किसनभाऊ. दोन्ही पाय वर घेऊन बसले मी.”

गाडी घोडीवर होती, म्हणजे लोखंडी तिपायांवर उचलून ठेवलेली. चारी चाकं हवेत. उजवं चाक पाय काढताच मोकळं फिरत होतं. डावं मात्र धरलं ते धरलंच. मिनिटभराने आपोआप ढिलं झालं. ताईंनी वाकून विचारलं, “काय झालं असेल?”

“सांगतो,” म्हणालो. पण तेव्हा मलाही नक्की कळलं नव्हतं.

मी किसन राठोड. आमचा तांडा पुसेगावजवळ. हिंगोलीत अकोला रोडला माझं सव्वीस वर्षं गॅरेज होतं. जीप, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, हेच माझं रोजचं काम. स्पोर्ट्‌स कार मी आयुष्यात एकच उघडली, ती ही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नुकताच आमचा जिल्हा वेगळा झाला होता.

गाडी बोंढारे साहेबांची. साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, कालव्याच्या कामावर. तरुणपणी त्यांनी ही गाडी एका परदेशी मशीन-तज्ज्ञाकडून घेतली होती. तो धरणाचं काम संपवून मायदेशी चालला होता आणि गाडी न्यायची सोय नव्हती. दोनच सीट, कापडी छत, गडद हिरवा रंग, जमिनीला लागून चालणारी. कळमनुरी तालुक्यात तिला सगळे बेडूक गाडी म्हणायचे. कालव्याच्या बांधावरून ही बेडूक गाडी आली, की मजूर तंबाखू टाकून उभे राहायचे.

ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, शकुंतलाबाई. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. साहेब त्यांना “मास्तरीणबाई” म्हणायचे, चारचौघांतसुद्धा.

रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत साहेबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण उजवा हात आणि उजवा पाय आले नाहीत. गाडी तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. साहेब घराबाहेर पडायचं नाव घेईनात. डॉक्टरांनी सांगितलं, यांना बाहेर काढा. पण जीपमध्ये बसवायचं तर दोन माणसांनी पोतं उचलावं तसं उचलावं लागायचं. एकदा बसस्टँडसमोर तसं उचललं, लोक बघत राहिले. त्या दिवसापासून साहेब म्हणाले, मी कुठं येत नाही.

मग ताईंनी कोणाला न सांगता ड्रायव्हिंग स्कूल लावलं. वय बासष्ट. दोन महिन्यांनी लायसन्स घेऊन त्या माझ्या गॅरेजात आल्या.

“किसनभाऊ, यांची गाडी चालू करून द्या. मी चालवीन, हे बाजूला बसतील.”

“ताई, ती लई जुनी गाडी हाय. एखादी नवी छोटी गाडी घ्या ना.”

“नव्या गाडीत हे बसणार नाहीत. या गाडीत बसतील. ती खाली आहे, खुर्चीवरून सरकून बसता येतं. छत काढलं की वरून धरायला जागा मिळते. मी करून पाहिलंय, शेडमध्ये. दोनदा.”

मी गाडी गॅरेजात आणली. इंजिन फार त्रास न देता चालू झालं. साहेबांनी ते चांगलं जपलं होतं. अडलं ते ब्रेकपाशी.

आता ब्रेकचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुम्ही पेडल दाबलं की त्याच्या जोराने ब्रेक ऑइल नळीतून चाकापर्यंत ढकललं जातं आणि चाकावरची पकड आवळते. ही नळी बहुतेक ठिकाणी लोखंडी असते. पण चाक वरखाली होतं, वळतं. तिथं लोखंडी नळी मोडेल. म्हणून शेवटचा वीतभर तुकडा रबराचा असतो. त्याला होज पाईप म्हणायचं. या गाडीत असे तीन: पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या एक्सलला एक. वीतभर रबर, पण सगळा जीव त्याच्यावर. शिवाय त्या काळच्या गाडीत ब्रेकची एकच वाट. एक होज गेला तर चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक काय तो उरतो.

ताईंना परत दाबायला लावलं. चाक धरलं. मी आधी होजच्या वरचा जोड ढिला केला. चाक सुटलं नाही. मग चाकाजवळची, हवा काढायची निपल सैल केली. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं. म्हणजे दाब होजच्या खालीच अडकला होता. रबर बाहेरून ठीक दिसत होतं, पण आतून फुगून त्याची वाट बंद झाली होती. पायाच्या जोराने ऑइल जात होतं, परतीला जोर नसतो, म्हणून येत नव्हतं.

“तिन्ही होज बदलावे लागतील,” मी म्हणालो.

ताईंचा चेहरा एकदम खुलला. “आहेत ना! यांच्याकडे नवीन आहेत. चला घरी.”

घरी साहेब खिडकीजवळ खुर्चीत होते. ताईंनी बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. साहेबांनी डाव्या हाताने झाकण काढलं. आत तीन होज, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला, वर पावडर टाकलेली. त्या परदेशी माणसाने गाडीबरोबर दिलेले. साहेबांनी बदलीच्या प्रत्येक गावी तो डबा बरोबर नेला होता.

“एकदाही... वापरले नाहीत,” साहेब म्हणाले. एकेक शब्द शोधून काढत ते बोलायचे. “बसव.”

मी एक हातात घेतला. वरून काळाभोर, चकचकीत. हळूच वाकवला. वाकवल्याबरोबर बाहेरच्या बाजूला केसासारख्या रेषा उमटल्या. मी तो परत सरळ केला, रेषा गेल्या. साहेबांनी बघितलं नाही असं मला वाटलं.

“साहेब, हे न्हाई चालायचे.”

“का? नवीन आहेत.”

“वापरले न्हाईत, बराबर हाय. पण रबर पडून पडूनही मरतं. तीस वर्षं झाली असतील.”

ताई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, उगाच बोललो. पण गाडी त्या चालवणार होत्या.

मग साहेबच म्हणाले, “काप.”

“राहू द्या, साहेब.”

“काप. आत बघू.”

मी ब्लेडने एक होज उभा चिरला. आतलं अस्तर कोरड्या मातीसारखं झालं होतं. बोट फिरवलं तर काळे कण साहेबांच्या पांढऱ्या धोतरावर पडले. हे कण ऑइलमध्ये गेले असते तर सगळी सिस्टिम चोंदली असती. साहेबांनी ते चिमटीत धरून बघितले.

“सिमेंटचं पोतं मी... तारीख बघितल्याशिवाय साइटवर उतरू दिलं नाही कधी. हे बघितलं नाही.”

ताईंनी डबा उचलला आणि झाकण लावलं. त्यांचा हात क्षणभर साहेबांच्या खांद्यावर राहिला. “दुसरे मिळतील,” त्या म्हणाल्या.

दुसरे कुठून मिळणार? असली गाडी जिल्ह्यात दुसरी नव्हती. एका ट्रॅक्टर हायड्रॉलिकवाल्याने सांगितलं, माप दे, संध्याकाळपर्यंत होज करून देतो. त्याला मी नाही म्हणालो. हायड्रॉलिकचं रबर वेगळं असतं, ब्रेक ऑइल त्याला खाऊन टाकतं. एवढी अक्कल मला होती. पुढं जे केलं त्यात नव्हती.

जुना होज खिशात घालून मी नांदेडच्या पार्ट बाजारात गेलो. दुकानं पालथी घातली. एका दुकानात नव्या छोट्या गाडीचा होज मिळाला. लांबी तीच, जाडी तीच, टोकंही तशीच दिसत होती. ताजं रबर, वर त्याच वर्षाची तारीख. चार घेतले, एक जास्तीचा म्हणून.

गॅरेजात येऊन बसवले. गाडीच्या नळीचा नट होजमध्ये दोन बोटांनी सरसर फिरत गेला. मला आनंद झाला. पान्याने आवळला, घट्ट झाला. ऑइल भरलं, हवा काढली. पेडलवर पाय ठेवून पाच मिनिटं सगळं वजन टाकून उभा राहिलो. पेडल खाली गेलं नाही. एक थेंब गळला नाही. चाक पाय काढताच सुटत होतं.

मग ताईंना बसवलं. या गाडीला ब्रेक हलका करणारा बूस्टर नव्हता, सगळा जोर पायाचा. त्यांचा पाय हलका. म्हणून मी त्यांना पेडल कुठवर जातं ते नीट दाखवलं.

“हे बघा ताई, इथं दगडासारखं लागलं पायजे. रोज निघायच्या आधी दाबून बघायचं. याच्या खाली गेलं तर गाडी जागच्या जागी उभी करायची, माझी वाट बघायची.”

“एखाद्या दिवशी थोडंसंच खाली गेलं तर?”

“थोडं बी न्हाई.”

त्यांनी मान हलवली. पोरांचा पाढा ऐकतात तसं लक्ष देऊन ऐकलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आठला ते दोघं निघाले, डोंगरकड्याकडे. तिथला कालवा साहेबांनी उभा राहून खोदून घेतला होता. तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कुठं जायचं म्हटलं होतं. गॅरेजवरून जाताना ताईंनी हॉर्न वाजवला. साहेबांनी डोक्याला मफलर बांधलेला. त्यांनी डावा हात वर केला. मी रस्त्यावर उभा राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो. माणसाला आपल्या कामाचा असा अभिमान क्वचित वाटतो.

आत येऊन बाकावरचं आवरायला घेतलं. उरलेला चौथा होज पडला होता. शेजारी बेडूक गाडीच्या गंजलेल्या नळीचा कापून काढलेला तुकडा, नटासकट. सहज नट होजमध्ये फिरवला. सरसर गेला. चार आटे आत गेल्यावर मी तो हलवून बघितला.

नट डुलत होता.

मग काढून जुन्या, मूळच्या होजमध्ये लावला. तिथं तो अडखळत गेला आणि आत गेल्यावर तसूभर हलेना. पिच गेज भिंतीवर लटकत असायचं. आटे मोजायची पत्र्याच्या दात्यांची किल्ली असते, तिला पिच गेज म्हणतात. मी ते वर्षानुवर्षं वापरलं नव्हतं. हाताला कळतं, म्हणायचो. गेज लावलं. गाडीच्या नळीचे आटे इंची. नव्या होजचे आटे मिलिमीटरचे. डोळ्यांना सारखेच दिसतात. इंची नट किंचित बारीक असतो, म्हणून तो मिलिमीटरच्या होजमध्ये छान फिरत जातो, आवळला तर आवळतोही. पण धरलेला असतो फक्त आट्यांच्या टोकांवर.

होज बाकावरच्या शिकंज्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरला आणि नट जोराने आवळला. एकदम पाना हलका झाला. आटे सोलून निघाले होते.

अर्ध्या वाटेतून परतले असतील म्हणून शेजारच्या बूथवरून साहेबांच्या घरी फोन केला. कोणी उचलला नाही. मी मोटरसायकलला किक मारली. शटरसुद्धा ओढलं नाही.

कळमनुरीपर्यंत काय काय डोक्यात आलं ते लिहीत नाही. प्रत्येक वळणावर रस्त्याच्या कडेला बघत होतो. हळू ब्रेक मारला तर नट धरून राहील, मी स्वतःला सांगत होतो. पेडलवर उभा राहिलो तेव्हा धरलाच होता. पण एखादं जनावर आडवं आलं, ताईंनी घाबरून सगळा जोर लावला, आणि मग पुन्हा लावला तर?

आखाडा बाळापूरला चौकात चहाच्या गाड्याशी थांबलो.

“दादा, हिरवी गाडी गेली का इकडून? बिनछताची?”

“व्हय, गेली की. मास्तरीणबाई चालवून राहिल्या व्हत्या. इथंच म्हैस आडवी आली तं कचकन ब्रेक मारला. लई भारी थांबवली! तुमी काहून इचारून राहिले?”

मी मोटरसायकल पुढं काढली.

डोंगरकड्याच्या अलीकडे कालव्याचा लहान पूल आहे. पुलाच्या पुढून रस्ता उताराला लागतो. पुलाआधीच बाभळीच्या सावलीत बेडूक गाडी उभी होती. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावलेले. साहेब सीटवर होते, ताई पदर खोचून बॉनेटला टेकून उभ्या होत्या.

मी मोटरसायकल स्टँडवर लावायचं विसरलो, ती कडेला आडवी पडली.

“बरं झालं आलात,” ताई म्हणाल्या. “तुम्हालाच निरोप धाडणार होते. बाळापुरात म्हैस आडवी आली, जोरात दाबला. गाडी थांबली. पण त्यानंतर पेडल थोडं खाली गेल्यासारखं वाटलं. हे म्हणाले, मनाचा खेळ आहे, चल. मी म्हटलं, किसनभाऊ म्हणालेत थोडंसुद्धा नाही. पुढं उतार आहे. हँडब्रेक ओढून हळूच उभी केली.”

मी उताणा पडून चाकाच्या आत हात घातला. उजव्या होजचा जोड ओला होता. बोटांनी नट धरला, तो हलला. अजून एक जोराचा ब्रेक लागला असता, तर तो सुटून बाहेर आला असता.

तिथंच मातीत बसलो.

“ताई, तुमची चूक न्हाई, गाडीची बी न्हाई. माझी चूक हाय. मी चुकीचे होज बसवले. आट्यांचं माप न मोजता बसवले. तुमा दोघांचा जीव...”

ताईंनी गाडीतून पाण्याची बाटली काढली. “आधी पाणी प्या.”

“ताई...”

“प्या म्हणते ना. तोंड बघा तुमचं. ऊन डोक्यावर घेऊन आलात.”

मी पाणी प्यायलो. त्यांनी डब्यातली भाकरी आणि ठेचा काढून माझ्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या, संपेपर्यंत. शाळेत डबा न आणलेल्या पोराला देत असतील तसा. एकेक घास गिळताना मला रडू आवरत नव्हतं.

साहेब इतका वेळ कालव्याकडे बघत होते. मग म्हणाले, “राठोड. तुला कसं कळलं?”

मी चौथ्या होजचं सांगितलं. नट डुलल्याचं, गेजचं, शिकंज्याचं.

“म्हणजे काम झाल्यावर... परत तपासलंस.”

“तपासलं न्हाई, साहेब. चाळा म्हणून फिरवला.”

“आणि मग आलास.” ते थांबले. शब्द शोधत होते. “माझ्या हाताखाली माणसं होती. चूक झाली की... कागद फिरवायचे. साइटवर धावत कोणी आलं नाही.”

एवढंच बोलले. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

आता परतायचं कसं, हा प्रश्न होता. गाडी चालवायची नव्हती. कालव्यापलीकडे तांडा होता. मी जाऊन आमच्या गोरमाटी बोलीत बोललो, एक ट्रॅक्टर आणि एक जीप आली. गाडी तांड्यावर एका घराच्या ओट्याजवळ झाकून ठेवायची ठरली. राहिले साहेब. जीप उंच. दोन माणसं पुढं आली तसं साहेबांनी तोंड फिरवलं.

मी जवळ जाऊन हळू विचारलं, “साहेब, मी एकटा धरू का? तुमी माझ्या गळ्यात हात टाका.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू धर,” म्हणाले.

डावा हात त्यांनी माझ्या मानेभोवती टाकला. मी त्यांना उचललं. एवढा उंच माणूस, पण हलके झाले होते. जीपमध्ये बसवेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. तांड्यातली एक म्हातारी जवळ येऊन त्यांना निरखून बघत होती. “पाणी सोडणारे साहेब न्हवं का तुमी?” तिने विचारलं. साहेबांनी मान हलवली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं.

त्यानंतर कुठं खरं होज शोधायचं काम सुरू झालं. साहेब म्हणाले, ड्रॉइंग करू. मी गाडी गॅरेजात आणून मापं घेतली. चाक सरळ असताना होज किती ताणतो, डावीकडे पूर्ण वळवल्यावर किती, उजवीकडे किती, आणि चाक खाली लोंबकळतं तेव्हा किती. सगळ्यांत जास्त ओढ लागते त्या जागेलाही थोडी ढील उरली पाहिजे, पण इतकीही नाही की होज टायरला घासेल. आटे गेजने मोजले, दोनदा. टोकाचं तोंड आत खोलगट आहे की बाहेर फुगीर, तेही बघावं लागतं, नाहीतर आटे जुळूनही गळतं.

ही सगळी मापं मी सांगायचो आणि साहेब डाव्या हाताने कागदावर काढायचे. पहिला कागद ताईंनी बाजूला ठेवला, दुसराही. रेषा वाकड्या जायच्या. साहेब चिडायचे, पेन्सिल टाकायचे. ताई पेन्सिल टोक करून परत हातात द्यायच्या. चार संध्याकाळी गेल्या. पाचवा कागद असा निघाला, की त्यावरून कोणीही डोळे झाकून माल द्यावा. खाली त्यांनी सही केली, डाव्या हाताची पहिली.

तो कागद पुण्याला जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवणाऱ्या एका दुकानात पाठवला. आठवड्याने दुकानदाराचा फोन आला.

“दोन प्रकार आहेत. एक रबराचा, मूळ कंपनीसारखा. दुसरा वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेला. रेसिंगवाले हाच लावतात. फुगत नाही, पेडल कडक लागतं. माझं ऐका, स्टीलचा घ्या.”

मलाही तेच बरोबर वाटलं. कडक पेडल म्हणजे ताईंच्या हलक्या पायाला मदत. घरी जाऊन सांगितलं.

ताईंनी विचारलं, “त्या जाळीच्या आतलं रबर मला दिसेल का?”

“न्हाई. जाळीनं झाकलेलं असतं.”

“मग ते खराब झालं हे मला कसं कळणार?”

जाळीचा होज वाईट नसतो, पण त्याला बघणारी यंत्रं लागतात आणि सांभाळणारी माणसं. जाळी कुठं घासली तर आपणच रबर कापत बसते. इथं बघणार कोण? रोज सकाळी बासष्ट वर्षांची बाई चाकाशी वाकणार. तिला दिसेल, हाताला लागेल, असाच पार्ट हवा.

“रबराचा घ्या,” साहेब म्हणाले. “तारीख विचार.”

मी दुकानदाराला होज कधी तयार झाले ते विचारलं. तो जरा वैतागला, पण कपाटातून काढून वाचून दाखवलं. पहिले तिन्ही जुन्या साठ्यातले निघाले. मग त्याने ताजे मागवून दिले. पार्सल आल्यावर प्रत्येक होजवरची तारीख साहेबांनी स्वतः वाचली.

बसवताना या वेळी नट सरसर गेला नाही. पहिल्या आट्यापासून घट्ट, सावकाश, मापात गेला. जोडाच्या जागी नवीन तांब्याची वॉशर टाकली. चाक दोन्हीकडे वळवून, उचलून, सोडून बघितलं. मग तीन दिवस मी एकट्याने गाडी चालवली. औंढ्याच्या रस्त्याला रिकाम्या जागी सगळा जोर लावून ब्रेक मारले, पन्नास वेळा तरी. प्रत्येक वेळी उतरून जोड पुसून कोरडा आहे का ते बघितलं. चौथ्या दिवशी ताईंच्या हातात किल्ली दिली. त्या विचारत होत्या, काय द्यायचं. मी म्हणालो, साहेबांना एकदा डोंगरकड्याला नेऊन आणा, झालं.

त्या दर रविवारी निघायच्या. कधी कालव्यावर, कधी बाळापूरच्या बाजारात, तर कधी नुसतंच तांड्यापर्यंत आणि परत. साहेब रस्त्यात थांबून लोकांशी बोलायला लागले. त्यांचे शब्द पूर्वीपेक्षा भराभर येऊ लागले. चार वर्षं त्यांना ही गाडी मिळाली. ते गेले ते घरी, झोपेत.

महिन्याभराने ताई एकट्या गाडी घेऊन आल्या. बाजूची सीट रिकामी होती.

“किसनभाऊ, होजला चार वर्षं झाली.”

“ताई, अजून चांगले हायत.”

“चांगले दिसतात. पण तारीख झाली. बदला.”

मी बदलले. ताईंनी जुने तिन्ही मागून घेतले आणि वाकवून बघितले, एकेक करून. मग म्हणाल्या, “हो, अजून चालले असते,” आणि तरी कचऱ्याच्या डब्यात टाकले. पुढे कितीतरी वर्षं त्या ती गाडी चालवत होत्या.

मी गॅरेज बंद करेपर्यंत पिच गेज शर्टाच्या खिशात ठेवलं. नवीन पार्ट हाताला बरोबर वाटला तरी मोजून बघायचो, आणि फारच बरोबर वाटला तर दोनदा. इंची आणि मिलिमीटरच्या त्या नटांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. त्यात दोन माणसं बसलेली असतात.